पुठ्ठ्याची खिडकी

शहरात त्या सगळ्याला 'गडबड' म्हणत. पूल कुणी उडवला, गिरणीच्या आवारात काय झालं, याची वाच्यता कुणी करायची नाही. म्हणायचं एवढंच, की गडबडीच्या आधी इथे थिएटर होतं, किंवा आमचं हे शेंडेफळ गडबडीनंतरचं. जणू कुणी घाईघाईत घराबाहेर पडलं आणि दिवा मालवायचा राहिला, एवढीच काय ती गोष्ट.

घडीवालीही गडबडच म्हणायची. ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. यंत्रातून वाफाळत्या चादरी बाहेर यायच्या, त्या दोघीदोघींनी चारी टोकं धरून झटकायच्या, ताणायच्या आणि घडी घालायची. तिची घडी अशी काटेकोर, की वॉर्डातल्या नर्सा म्हणत, "हिच्या चादरीवर पेशंट झोपवायला जीव होत नाही बाई." त्यावरून नाव पडलं ते पडलंच. घरी ती आणि सासू, दोघीच. नवरा गडबडीत गेला होता. 'गेला' म्हणजे नेला होता, पण सासूपुढे तोही शब्द चालत नसे. सासूच्या मते तो कुठेतरी अडकला होता.

कॅमेऱ्यांची भानगड सुरू झाली ती तिच्या चादरीच्या जोडीदारणीमुळे. ही जोडीदारीण तोंडाची फटकळ. एका दुपारी चादर झटकता झटकता म्हणाली, "वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बाहेरच्या एका संस्थेची बाई आलीय. बायकांना कॅमेरे देते, फोटो काढायला शिकवते. चहा फुकट. येतेस?"

"मला काय करायचेत फोटो?"

"मला तरी काय करायचेत? घरी जाऊन भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं."

गेल्या दोघी. हॉलमध्ये दहाबारा बायका जमल्या होत्या. शाळेतली मास्तरीण होती, बाजारातली भाजीवाली होती, आणखी कुणी कुणी. संस्थेची बाई उंच, बारीक, सगळ्यांना 'तुम्ही' म्हणणारी. बायकांनी तिचं नाव लगेच कॅमेराबाई करून टाकलं. तिने प्रत्येकीच्या हातात छोटा काळा कॅमेरा दिला, त्याचा पट्टा मनगटात कसा अडकवायचा ते दाखवलं आणि म्हणाली, "मोठं काही नको आहे. तुमचं रोजचं. एक फोटो असा, की जिथे तुम्हाला शांत वाटतं. आणि एक असा, की जिथे जीव धास्तावतो."

"शांततेचा फोटो मला रविवारीच मिळणार," मास्तरीण म्हणाली. "वर्ग रिकामा असतो तेव्हा."

बायका हसल्या. घडीवालीही हसली. आपण हसलो हे तिच्या नंतर लक्षात आलं.

पुढच्या बैठकीला सगळ्यांचे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. एरवी टकळी चालू असलेल्या बायका एकेका फोटोसरशी गप्प होत गेल्या. जोडीदारणीने आपल्या दाराच्या कड्यांचा फोटो काढला होता: एक जुनी कडी आणि तिच्याखाली नव्या बसवलेल्या दोन. हा तिचा शांततेचा फोटो. भाजीवालीने आपला नवरा झोपलेला दाखवला होता. गाढ झोपलेला, तोंड उघडं, आणि पायात बूट, नाड्या बांधलेल्या.

"हा कुठला फोटो म्हणायचा?" कॅमेराबाईने हळू आवाजात विचारलं. "शांततेचा की भीतीचा?"

"झोपलाय म्हणजे शांतताच की," भाजीवाली म्हणाली. "बूट काढत नाही, ते सोडा. चादरी तेवढ्या लवकर फाटतात."

मग घडीवालीचा फोटो आला. तिने एकच काढला होता.

त्यात एक खिडकी होती, आतल्या बाजूने टिपलेली. तावदानाच्या जागी पुठ्ठा होता, पंख्याच्या खोक्याचा. त्यावर अर्धा पंखा छापलेला, ओलीने फुगलेला, आणि कडांना खिळे. चौकट आणि पुठ्ठा यांच्या फटीतून उजेडाची पातळ रेघ आत येत होती आणि खोलीतल्या लोखंडी पलंगाच्या दांडीवर पडली होती. बाकी सगळा अंधार.

"फार सुंदर आहे," कॅमेराबाई म्हणाली. "हा कशाचा?"

तो पुठ्ठा होता म्हणून घडीवालीला त्या खोलीत बसता यायचं, झोप लागायची, भात खाता यायचा. आणि त्या पुठ्ठ्याच्या पलीकडे जे होतं त्यानेच तिची झोप नासली होती. एकाच पुठ्ठ्याच्या दोन बाजू, आता सांगायचं कसं?

"ठेवा कुठेही," ती म्हणाली.

कॅमेराबाईने फोटो मधल्या भिंतीवर लावला.

त्या खिडकीचं असं होतं.

गडबडीच्या दिवसांतल्या एका सकाळी गल्लीतल्या पुरुषांना खाली बोलावून समोरच्या भिंतीशी उभं केलं होतं, तोंडं भिंतीकडे. घडीवालीचा नवरा त्यांच्यात होता. दाढी अर्धी झालेली, एका गालाला साबण. रस्त्यात एक ट्रक उभा होता. केबिनच्या बाजूच्या खिडक्यांना गोणपाट लावलेलं, त्यामुळे आत कोण आहे ते रस्त्यावरून कुणाला दिसत नव्हतं. पण समोरची काच उघडी होती, आणि घडीवालीचं घर वरच्या मजल्यावर. तिला वरून सरळ आत दिसलं. ड्रायव्हरच्या शेजारी काचवाला बसला होता.

चौकातल्या दुकानातला काचवाला. आरसे, तावदानं, तसबिरींच्या काचा विकणारा. तिच्या लग्नातला आरसा त्याच्याच दुकानातला. एकेका पुरुषाला ते लोक ट्रकसमोर आणत, तोंड वर करायला लावत, आणि काचवाला मान हलवी. तिच्या नवऱ्याला आणलं तेव्हाही ती मान हलली. मग का कोण जाणे, काचवाल्याने वर पाहिलं. तिची आणि त्याची नजर भिडली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "खिडक्या बंद करा!" आणि बंद करायला वेळ न देताच वरच्या मजल्यांच्या रोखाने गोळ्या झाडल्या. तावदान फुटून तिच्या अंगावर आलं. सासूला खाली ओढून ती जमिनीवर पडून राहिली. उठली तेव्हा रस्ता मोकळा होता. भिंतीशी उभे केलेले सगळे गेले होते, कुणाचीतरी सायकल तेवढी टेकून उभी होती.

त्याच दिवशी तिने खिडकीला पुठ्ठा ठोकला.

पुढे गडबड संपली. मोठ्या लोकांनी मोठ्या शहरात बसून सह्या केल्या आणि इथल्या लोकांना सांगितलं की आता शांतता आहे. शहरात एकही तावदान धड नव्हतं. काचवाल्याचं दुकान सकाळपासून रात्रीपर्यंत चालायचं. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना तो म्हणे, द्या सवडीने. शाळेच्या काचा त्याने फुकट बसवल्या. माणूस गोड बोलायचा, काम चोख करायचा. शांतता समिती झाली तेव्हा त्याला तिच्यात घेतलं, आणि घ्यायला नको असं कुणालाच वाटलं नाही.

घडीवालीने जे पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही. आधी भीतीने, मग सवयीने. सासूला सांगितलं असतं तर ती भर चौकात उभी राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरती, आणि पुढे काय झालं असतं देव जाणे. त्याच्यामागे कोण होतं, ते गेले की इथेच आहेत, काही कळायला मार्ग नव्हता. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? सगळ्या शहराचीच अळीमिळी गुपचिळी होती, त्यात हिची एक. फक्त एक केलं: शहरात काच बसवणारा तो एकटाच, तर आपल्याला काच नको.

सासू कुरकुरायची. "सगळ्या गल्लीत उजेड आहे. आपल्याकडे सूर्य पाहुणा म्हणून पण येत नाही."

"थंडी येते आई, पुठ्ठाच बरा."

"थंडी? उन्हाळ्यात?"

असं ते चाललं होतं.

फोटोंचं प्रदर्शन नगरपालिकेच्या सभागृहात भरलं. बायकांनी ठेवणीतले कपडे घातले होते. घडीवाली सासूला घेऊन गेली. सासूला आपल्या घराची खिडकी भिंतीवर टांगलेली बघायची होती. ती फोटोसमोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची होती, ती तू सगळ्या गावासमोर उघडलीस. आता लोक म्हणतील, यांना काच परवडत नाही."

शांतता समितीची मंडळी आली. काचवाला त्यांच्यात होता. तो आता पोक्त दिसायचा, केस पांढरे, चष्मा. तो एकेका फोटोपुढून सावकाश पुढे सरकत होता. बुटांच्या फोटोपाशी थांबला, मान हलवली. मग मधल्या भिंतीपाशी आला.

घडीवाली खांबाशी उभी होती. तिला त्याची पाठ दिसत होती. तो बराच वेळ तिथून हलला नाही. वाकून फोटोखालची नावाची चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. घडीवालीला वाटलं, आता हा वळेल आणि मला बघेल. आणि वाटलं, बघू दे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, की आपण काहीतरी बोललो आहोत आणि ज्याला ऐकू जायला हवं त्याला ते ऐकू गेलं आहे.

मग भाषणं झाली. समितीचे अध्यक्ष बोलले, कॅमेराबाई बोलली. आणि काचवाला उठला.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "मी साधा धंदेवाला माणूस. पण त्या मधल्या भिंतीवरची खिडकी बघून मला लाज वाटली. शहरातल्या सगळ्या खिडक्या मी बसवल्या असं मी समजत होतो. एक राहिली. ती मी येत्या रविवारी बसवणार, माझ्या खर्चाने. या हातांनी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरणीने डोळे पुसले. सासूने सुनेचा दंड दाबला आणि म्हणाली, "बघ, फोटोचा उपयोग झाला की नाही!"

घडीवालीने दुसऱ्या दिवशी कॅमेराबाईला गाठलं. "बाई, मला काच नको आहे."

"का हो?"

"नको आहे. त्याच्याकडून नको."

कॅमेराबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. तिला काहीतरी समजलं असावं, किंवा काहीतरी आहे एवढं समजलं असावं. "काही त्रास आहे का? सांगायचं असेल तर सांगा. मी कुठे बोलणार नाही."

घडीवालीने तोंड उघडलं. पण ही बाई आज ना उद्या आपल्या गावी जाणार होती, आणि घडीवाली इथेच राहणार होती. बोललेला शब्द काही बाईबरोबर गाडीत बसून गेला नसता.

"उपकार नको वाटतात," ती म्हणाली.

"अहो, उपकार कसले!" कॅमेराबाईचा जीव भांड्यात पडला. "उलट त्यांनाच बरं वाटेल. लोकांनी एकमेकांच्या घरी जावं, यासाठीच तर हे सगळं आहे."

जोडीदारणीला मात्र तिने धुलाईखान्यात चादर धरता धरता विचारलं, "तुझ्या घरी तो कधी आला होता का? काचा बसवायला?"

जोडीदारणीने चादर झटकली नाही, नुसती धरून ठेवली. "आला होता," ती म्हणाली. "त्याच्यानंतरच मी त्या दोन कड्या लावल्या." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात मुकादम आला आणि चादर झटकावी लागली. त्यानंतर त्या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

रविवारी काचवाला आला. खांद्यावर कापडात गुंडाळलेली काच, हातात हत्यारांची पिशवी. दाराशी चपला काढल्या.

"ये बाबा, ये," सासू म्हणाली. "तुझी आई आणि मी एका नळावर पाणी भरायचो. भांडायची फार, पण मनाने चांगली. चहा घेशील ना?"

"घेईन की मावशी."

सासू आत चहाचं बघायला गेली. काचवाल्याने पटाशीने एकेक खिळा उपसायला सुरुवात केली. पुठ्ठा सहज निघाला नाही. ओलीने तो चौकटीला चिकटून बसला होता. त्याने तो तुकड्यातुकड्याने काढला. खोलीत भसकन उजेड आला. पलंग, भांड्यांची फळी, भिंतीवरचे ओलीचे डाग, सगळं एकदम उघडं पडलं. घडीवाली पलंगाच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून उभी होती.

त्याने चौकटीचं माप घेतलं, काच पलंगावर ठेवून काच कापायच्या हिरकणीने रेघ ओढली, आणि कडेची पट्टी अलगद मोडली. हात सराईत होते. मग चौकटीत उभं राहून त्याने खाली रस्त्याकडे पाहिलं, समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"इथून फार स्पष्ट दिसतं," तो म्हणाला.

तिने पलंगावरची मोडलेली पट्टी उचलून बाजूला ठेवली.

"वहिनी, मला ठाऊक होतं तुम्ही कधी दुकानात येणार नाही. मी पण कधी विचारलं नाही." त्याने काच चिकटवायच्या लांबीचा गोळा हातात मळायला घेतला. "मला घरातून उचलून नेलं होतं. माझी दोन्ही पोरं त्यांच्याकडे बसवून ठेवली होती. म्हणाले, मान हलवायची, बस्स."

"हलवलीत."

"हलवली. काहींना हो म्हटलं, काहींना नाही म्हटलं. तुमच्या माणसाला मी नाही म्हटलं होतं."

"खोटं."

"असेल तुम्हाला वाटत. ज्यांना नाही म्हटलं, त्यांनाही नेलं. काही उपयोगच नव्हता हो मान हलवण्याचा. त्यांना फक्त कुणीतरी तिथे बसलेला हवा होता."

घडीवालीने डोळे मिटले. ती मान तिने इतक्या वेळा पाहिली होती, भांडी घासताना, चादरीच्या वाफेत, झोपेत. आता ती पुन्हा आठवायला गेली, तर कधी ती वरखाली हलत होती, कधी आडवी. इतक्या वर्षांचं तिचं एकमेव खात्रीचं ठिकाण, तेही हातातून निसटलं. हा खरं बोलतोय की आपली कातडी वाचवतोय, हे कळायची सोय नव्हती, आणि कधी होणारही नव्हती.

पण एक प्रश्न होता. तो विचारायला या जगात दुसरं माणूस नव्हतं.

"त्यांना कुठे नेलं?"

काचवाल्याचे लांबी मळणारे हात थांबले. "मागाहून दुसरा ट्रक आला. एक नदीकडे गेला, एक खाणीकडे. मला पोरांसाठी घाई झाली होती वहिनी. कोण कुठल्या ट्रकमध्ये चढलं, ते मी बघितलं नाही."

"बघितलं नाही."

"नाही. खाणीकडचे..." तो बोलता बोलता थांबला. "दोन्हीकडचं कुणी परत आलं नाही, एवढं मला माहीत आहे."

आतून कपबश्यांचा आवाज आला. तो घाईने, आवाज खाली आणून म्हणाला, "एक विनंती आहे. काच बसली, की ते पुठ्ठ्याचं चित्र तिथून काढायला सांगा त्या बाईंना. माझ्यासाठी नाही. ती माणसं अजून इथेच आहेत. लोक विचारतात, कुणाची खिडकी, समोर काय आहे, कुणी काय बघितलं. तुम्ही दोघी बायका एकट्या राहता. कशाला?"

ती विनंती होती की धमकी, हे घडीवालीला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीची काळजी होती. कदाचित दोन्ही होतं. सासू चहा घेऊन आली, आणि तो हसून म्हणाला, "मावशी, साखर कमी टाकलीत ना? डॉक्टरने बंद केलीय."

दुपारी कॅमेराबाई आली. तिने काचवाल्याला आणि घडीवालीला नव्या काचेच्या दोन बाजूंना उभं केलं. "जरा जवळ या. असं. हसा ना ताई, थोडंसं."

घडीवाली हसली. फोटोत ते हसू खरं दिसलं. उजेड चांगला होता.

चित्र काढायला तिला सांगावं लागलंच नाही. कॅमेराबाईलाच ते सुचलं. पुठ्ठ्याचा फोटो उतरवून त्या जागी हा नवा लावला, मोठ्या आकारात, आणि खाली लिहिलं 'उजेड'. पुढच्या महिन्यात समितीने त्याची भित्तिपत्रकं छापून घेतली आणि ती दवाखान्यात, बसस्टँडवर, शाळेत लागली. धुलाईखान्याच्या दारावरही एक लागलं. नर्सा म्हणाल्या, "आता काय बाई, तू फेमस झालीस." एक काचवाल्याच्या दुकानात लागलं, आरशांच्या मधोमध, त्यामुळे ते चहूबाजूंनी दिसायचं.

काही दिवसांनी फोटोचे वर्ग संपले. कॅमेरे पुढच्या गावाला जायचे होते. कॅमेराबाईने प्रत्येकीकडून कॅमेरा घेतला आणि आतलं सगळं पुसून टाकलं. तिकडच्या बायकांना कोरे द्यायला हवे होते.

"माझा तो पुठ्ठ्याचा फोटो मला मिळेल का?" घडीवालीने विचारलं.

कॅमेराबाईने पिशव्या, खोकी, सगळं शोधलं. नगरपालिकेत विचारलं. तिथल्या शिपायाने सांगितलं, की उतरवलेले फोटो समितीचे लोक घेऊन गेले. समितीत विचारलं तर कुणाला काही ठाऊक नव्हतं.

"मी पाठवेन तुम्हाला," कॅमेराबाई म्हणाली. "माझ्याकडे कुठेतरी असेल." तिचे डोळे भरून आले. तिने घडीवालीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुमची नजर फार चांगली आहे. फोटो काढणं सोडू नका."

"कशाने काढू?" असं घडीवालीच्या ओठांवर आलं होतं. पण बाईची गाडी लागली होती, आणि बाई मनाने चांगली होती.

फोटो काही आला नाही.

मास्तरणीने शाळा बदलली आणि दुसऱ्या गावी गेली. भाजीवाली अधूनमधून बाजारात भेटायची, नवऱ्याचं विचारलं की म्हणायची, "झोपतोय." जोडीदारणीबरोबर चादरी रोजच्या होत्या. टोक धरायचं, झटकायचं, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं आणि परत मागे जायचं. तोंडाची एवढी फटकळ बाई, पण हल्ली तिचे विनोद कमी झाले होते.

घरात आता सगळं दिसायचं. घडीवालीने खिडकीला पडदा शिवला, जाडसर, चादरीच्या कापडाचा. सासूने तो एका दिवसात दोरीसकट ओढून काढला.

"इतकी वर्षं अंधारात काढली, आता पडदा कसला लावतेस?"

सासूने आपली खुर्ची खिडकीशी ओढून घेतली होती. आधी ती दिवसभर आत असायची, कधी तांदूळ निवडत, कधी झोपत, कधी शेजारणीशी बोलत. आता सकाळी उठून तोंड धुतलं की खिडकीत. जेवण तिथेच. आधी घडीवालीला वाटलं, म्हातारीला रस्ता बघायला आवडतो, बघू दे. मग एकदा कामावरून लवकर आली, तर सासू काचेला कपाळ लावून बसलेली.

"आई, काय बघताय?"

"अगं, तो येईल तर त्याला घर ओळखू यायला नको?" सासू मागे न वळता म्हणाली. "पुठ्ठा होता तेव्हा मी म्हणत होते, तो खालून येऊन गेला असेल आणि घर बंद आहे समजून परत गेला असेल. तुला बोलले नाही, तुला वाईट वाटलं असतं. आता कसं, त्याला मी दिसेन आणि मला तो दिसेल."

घडीवाली तिच्या मागे उभी राहिली. नदी किंवा खाण. दोन्ही शब्द तिच्या तोंडात होते. ते सांगितले असते तर म्हातारी आधी विचारती, तुला कुणी सांगितलं. मग विचारती, तुला कधीपासून ठाऊक आहे. आणि मग या खोलीत दोघींनी एकमेकींकडे तोंड करून जगायचं कसं?

"चहा ठेवू?" तिने विचारलं.

"ठेव. जरा जास्त ठेव, कुणी आलंगेलं तर."

काचवाला आता रोज दुकानात जाताना खिडकीखालच्या रस्त्याने जायचा. पूर्वी तो दुसऱ्या बाजूने जायचा. एक दिवस घडीवाली कामाला निघायच्या तयारीत असताना सासू खुर्चीतून अर्धवट उठली आणि हात हलवू लागली. घडीवाली लगबगीने खिडकीशी आली. तिने खाली पाहिलं. काचवाला समोरच्या भिंतीशी थांबला होता. त्यानेही हात वर केला, मग पुढे गेला.

"रोज थांबतो बिचारा," सासू खाली बसत म्हणाली. "लक्ष असतं त्याचं आपल्या घरावर."

घडीवालीने डबा पिशवीत घातला, दार ओढून घेतलं आणि ती जिना उतरली.